जागा माझी, तर सिगारेटला बंदी का?

प्रश्न : माझी छोटी परमिट रूम आहे. जागा माझी, परवाना माझ्या नावावर. बावीस गिऱ्हाइकं बसतील एवढीच सोय. येणारा सज्ञान असतो, स्वतःच्या मर्जीनं येतो. धूर सोसत नसेल त्यानं दुसरीकडे जावं. तरी माझ्याकडे सिगारेट ओढायला बंदी, आणि पलीकडच्या मोठ्या हॉटेलात मात्र स्मोकिंग रूम! हा कुठला न्याय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : बंदीबद्दलची तुमची तक्रार मला पटत नाही, मोठ्या हॉटेलाबद्दलची पूर्ण पटते.

आधी मालकीचं बघू. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याचं ४ थं कलम जागा कोणाची हे विचारत नाही. तिथे लोकांची ये-जा आहे का, एवढंच बघतं. २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांत बार, पब, कँटीन यांची नावंच घेतली आहेत. राहत्या घरात हा कायदा शिरत नाही. पण लोकांसाठी दार उघडलं, की स्वच्छ अन्न, आगीच्या वेळी मोकळी वाट या जबाबदाऱ्या मालकावर येतातच. श्वास घेण्याजोगी हवा ही त्यातलीच एक.

‘येणारा मर्जीनं येतो’ हे गिऱ्हाइकापुरतं खरं. तो तासाभरात उठून जातो. तुमचा वेटर मात्र बंद होईपर्यंत त्याच धुरात वावरतो, आणि दुसरीकडे जा म्हणणं म्हणजे त्याला नोकरी सोड म्हणणं. जपानच्या ताकेशी हिरायामा यांनी १९८१ साली दाखवून दिलं, की स्वतः सिगारेट न ओढणाऱ्या पण ओढणाऱ्या नवऱ्यांसोबत राहणाऱ्या बायकांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू जास्त होतात. दुसऱ्याच्या धुराचं निर्धोक असं प्रमाणच नाही, असं अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६ च्या अहवालानं स्पष्ट केलं. आयर्लंडनं २९ मार्च २००४ रोजी पबमधली सिगारेट बंद केली, तीही तिथे काम करणाऱ्यांच्या आरोग्यासाठी. आपल्याकडे मुरली देवरा यांच्या याचिकेवर २००१ साली सर्वोच्च न्यायालयानं सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला मनाई केली, तेव्हा आधार घेतला तो जगण्याच्या हक्काचा.

मग मालकाला काहीच हक्क नाही का? आहे, आणि तो मोलाचा आहे. राज्यघटनेचं १९ वं कलम धंद्याचं स्वातंत्र्य देतं. लोकहितासाठी त्यावर वाजवी निर्बंध आणता येतात, पण ते कायद्यानंच. मुंबई महापालिकेनं परवान्याच्या अटींतून हुक्का बंद करायचा प्रयत्न केला, तेव्हा डिसेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हॉटेलवाल्यांच्या बाजूनं निकाल दिला. कायद्यापलीकडची बंदी परवान्याच्या अटीतून लादता येत नाही, हा त्याचा अर्थ. पुढे डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईतल्या कमला मिलच्या आवारातल्या पबमध्ये लागलेल्या आगीत १४ जीव गेले, हुक्क्याच्या निखाऱ्यांनी ती लागल्याचं चौकशीत पुढे आलं, आणि २०१८ साली राज्यानं कायद्यातच दुरुस्ती करून हुक्का पार्लरवर बंदी आणली. बंदी अधिकाऱ्याच्या मर्जीवर नसावी, विधिमंडळात चर्चा होऊन यावी, हा तुमचा हक्क. त्यासाठी जरूर भांडा.

आता मोठ्या हॉटेलाचं. ३० किंवा जास्त खुर्च्यांचं रेस्टॉरंट, ३० किंवा जास्त खोल्यांचं हॉटेल आणि विमानतळ यांना कायदा धूम्रपानाची वेगळी जागा ठेवू देतो. ही सवलत मला अन्यायाची वाटते. ज्याच्याकडे जागा आणि भांडवल आहे त्याला मुभा, छोट्याला दंड! शिवाय ती खोली झाडायला जाणाऱ्या माणसाच्या छातीत धूर जातोच. म्हणून छोट्यांनाही मुभा द्या असं म्हणू नका. मोठ्यांची काढून घ्या असं म्हणा. हॉटेलवाल्यांच्या संघटनेनं ही मागणी लावून धरली, तर छोट्या मालकाचा धंदा आणि वेटरची छाती, दोन्ही एकाच नियमानं राखली जातील.

तोवर दाराशी पाटी लावा, टेबलावर ॲशट्रे आणि काडेपेटी ठेवू नका. ओढणाऱ्याला दंड २०० रुपयांपर्यंत आहे; पण तक्रार येऊनही तुम्ही काणाडोळा केलात, तर जितके गुन्हे तितका दंड तुम्हाला भरावा लागेल.