उरलेल्या अन्नाचा खाऊ



मागच्या महिन्यात मधल्या सुट्टीत पाचवीतला एक मुलगा कचरापेटीत डबा उपडा करताना आम्हांस दिसला. डब्यात फोडणीची पोळी होती. विचारले तेव्हा खाली मान घालून म्हणाला, "सर, मुलं 'बासी, बासी' म्हणून चिडवतात." आम्ही त्याला रागावलो नाही. अन्न टाकू नये हे आपण शाळेत रोज सांगतो, पण उरलेल्याचे करायचे काय, हे कधी शिकवत नाही. म्हणून हा पाठ.

आमचे सारे शिक्षण हिंदीतून झाले, त्यामुळे 'बासी' या शब्दातली टोचणी आम्हांस चांगली ठाऊक आहे. गंमत अशी की याच माळव्यात शीतला सप्तमीला चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशीचे अन्न घरोघरी प्रसाद म्हणून खातात. त्या दिवशी कोणी कोणाला चिडवत नाही!

पोळीपासून सुरुवात करू. रात्रीच्या चार पोळ्या कात्रीने बारीक लांबट कापा (हे काम मुलांचे). कढईत दोन चमचे तेल, मोहरी, कढीपत्ता, मूठभर शेंगदाणे, हळद, तिखट अशी फोडणी करा. तीत पोळीच्या पट्ट्या टाकून मंद आचेवर परता. घाई केली तर वरून करपतात आणि आत चिवट राहतात. दहा-बारा मिनिटांत कुरकुरीत होतात. मग मीठ, चिमूटभर साखर आणि वरून जिरावन. जिरावन घातल्यावर इंदूरचे पोर नाही म्हणेल, हे आम्हांस खरे वाटत नाही. गोड हवे असेल तर पोळ्या कुस्करून गूळ-तूप घाला आणि लाडू वळा. तूप कढवल्यावर तळाशी राहणारी बेरीही त्यातच जाते.

दोडक्याच्या शिरांची चटणी आयांना शिकवायला नको, ती त्यांनीच आम्हांस शिकवली आहे.

भाताबाबत मात्र सावध राहावे. कच्च्या तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. ते शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास बाहेर राहिला की ते रुजतात, जंतू वाढतात आणि विष तयार होते. ते विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. उलट्या, जुलाब होतात. वास आला नाही म्हणजे भात चांगला, असे समजू नये. उरलेला भात ताटात पसरून निववावा आणि दोन तासांच्या आत, मे महिन्याच्या उन्हाळ्यात तर तासाभरातच, फ्रिजमध्ये ठेवावा. दुसऱ्या दिवशी त्यात बेसन, हिरवी मिरची, कोथिंबीर घालून थालीपीठ लावावे, आतपर्यंत चांगले भाजावे आणि गरमच खावे. ते डब्यात देऊ नये, आणि उरले तर तिसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. फ्रिज नसेल तर भात बेताचाच टाकावा.

तळणीच्या तेलाचेही तसेच. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात 'टोटल पोलर कम्पाउंड्स' वाढतात. ते २५ टक्क्यांहून जास्त झाले तर तेल वापरू नये, असा नियम जुलै २०१८ पासून देशात लागू आहे. घरी मोजता येत नाही, पण तेल काळपट, चिकट झाले, फेसाळू लागले की काटकसर पुरे. टाकून द्यावे.

काही पालक म्हणतील, आपल्या शहरात ओल्या कचऱ्याचाही गॅस होतो. खरे आहे. देवगुराडियाचा प्रकल्प फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला, तेव्हा त्याची क्षमता रोज ५५० टनांची होती. आम्हांसही अभिमान वाटतो. पण आईने पोळी त्यासाठी लाटलेली नसते.

त्या मुलाच्या वर्गात कार्यानुभवाच्या तासाला पोळीचा चिवडा केला. सर्वांनी घरून एकेक पोळी आणली होती. चिडवणाऱ्यांपैकी दोघांनी तो दोनदा मागून घेतला. आता सहावीची मुले विचारतात, आमचा तास कधी? येत्या शनिवारी. येताना पोळी आणि बोथट टोकाची कात्री आणावी.