आजार नसतानाही उमटणारी रेघ

प्रश्न : आमच्याकडे आशाताई मलेरियाचं किट घेऊन घरी येतात. मलेरिया नसला तरी ‘सी’ या अक्षरासमोर रेघ उमटतेच. ती उमटली नाही, तर किट टाकून देऊन दुसरं उघडतात. आजाराशी संबंधच नसलेली ही रेघ ठेवली कशाला?
— एक वाचक, धानोरा (जि. गडचिरोली)

उत्तर : प्रयोगशाळेत काही बिघडलं तर तंत्रज्ञाच्या लक्षात येतं. रुग्णाच्या ओसरीवर ना तंत्रज्ञ, ना विजेची खात्री, ना फ्रिज. अशा ठिकाणी वापरायचं साधन बनवताना ‘मी बिघडलोय’ हे त्यानंच सांगावं, अशी सोय करावी लागते. ‘सी’ रेघ ही ती सोय.

पट्टीच्या सुरुवातीला सोन्याचे अतिसूक्ष्म कण वाळवून ठेवलेले असतात. त्यांच्यावर प्रतिपिंडं बसवलेली असतात. इतकं बारीक सोनं पिवळं नाही, लाल दिसतं. साधारण ५ मायक्रोलिटर रक्त आणि वर द्रावणाचे थेंब पडले, की हे कण पट्टीवरून पुढे सरकतात. रक्तात मलेरियाच्या परजीवीचं प्रथिन असेल, तर ते कणांना चिकटतं. ‘टी’ रेघेवरची प्रतिपिंडं त्या प्रथिनाला पकडतात, कण तिथं साचतात आणि लालसर रेघ दिसते. ‘सी’ची प्रतिपिंडं मात्र कणांवरच्या प्रतिपिंडांनाच धरतात, त्यांना परजीवी लागत नाही. म्हणजे ‘सी’ उमटली, तर द्रव शेवटपर्यंत पोचला आणि कण कामाचे आहेत.

पण ती सगळंच सांगत नाही. रक्त घालायचं राहिलं आणि नुसतं द्रावण टाकलं, तरी बहुतेक किटमध्ये ‘सी’ उमटते. म्हणून रक्त उचलायला ठरावीक मापाची नळी किंवा लूप सोबत देतात. निकालही सूचनेत दिलेल्या वेळेतच वाचायचा. बऱ्याच किटसाठी ती १५ ते २० मिनिटं असते. फार उशिरा पाहिलं, तर नसलेली रेघ दिसू शकते.

आणखी एक. फाल्सिपेरम मलेरियासाठी बहुतेक किट एचआरपी-२ हे प्रथिन शोधतात. रुग्ण बरा झाल्यावरही ते काही आठवडे रक्तात राहतं. त्यामुळे औषध लागू पडलं का, हे अशा किटवर ठरवू नये. त्यासाठी काचपट्टीवर रक्त घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासावं लागतं.

तुमच्या आशाताई करतात ते बरोबरच आहे. ‘सी’ उमटली नाही, तर ‘मलेरिया नाही’ असं समजू नका. ‘तपासणी झालीच नाही’ असं समजा आणि दुसऱ्या किटवर करून घ्या.