बेचाळिशीतला नवखा

प्रश्न : नातीच्या कॉलेजात फिल्म क्लब आहे. परवा तिच्याबरोबर तिथे एक जपानी माहितीपट बघितला. युद्धातून परतलेला एक सैनिक जुन्या साथीदारांच्या घरी जाऊन त्यांना जाब विचारतो, प्रसंगी हातही उगारतो. परिचयाच्या कागदावर लिहिलं होतं, की या चित्रपटासाठी काझुओ हारा यांना जपानच्या दिग्दर्शक संघाचा नवदिग्दर्शक पुरस्कार मिळाला. जन्म १९४५चा, चित्रपट १९८७चा. म्हणजे माणूस बेचाळीस वर्षांचा! हा नवा कसा? आणि हा पुरस्कार आहे तरी काय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमची वजाबाकी बरोबर आहे. त्यात आणखी भर घालतो : तो हारांचा पहिला चित्रपटही नव्हता. सेरेब्रल पाल्सी असलेल्या माणसांवरचा त्यांचा पहिला माहितीपट १९७२ साली आला, दुसरा १९७४मध्ये. तुम्ही पाहिलात तो तिसरा.

जपानीत या पुरस्काराला ‘शिन्जिन-शो’ म्हणतात. ‘शिन’ म्हणजे नवा, ‘जिन’ म्हणजे माणूस, ‘शो’ म्हणजे पुरस्कार. शब्दात माणूस नवा आहे. त्याचं वय किती, किंवा त्याचा हा कितवा चित्रपट, याबद्दल शब्द काहीच बोलत नाही. (आपल्या साहित्य संमेलनांतले काही ‘नवोदित कवी’ आठवा, म्हणजे फार दचकायला होणार नाही.)

हा पुरस्कार देतो जपानचा चित्रपट दिग्दर्शक संघ. संघ १९३६चा, पुरस्कार १९६०पासूनचा. मला त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही, की इथे निवड करणारे स्वतः दिग्दर्शक असतात. सरकार नाही, समीक्षक नाहीत, तिकीटबारीही नाही. एखाद्या सुताराचं काम दुसऱ्या सुतारांनी हात फिरवून बघावं, तसं.

पहिल्याच वर्षी काय झालं ते ऐका. तेव्हा संघाचे अध्यक्ष होते यासुजिरो ओझू. कॅमेरा जमिनीलगत ठेवून, चहा पिणाऱ्या, मुलींची लग्नं जुळवणाऱ्या घरांकडे शांतपणे बघत राहणारे ओझू. आणि पहिला पुरस्कार गेला नागिसा ओशिमाला, ‘क्रूएल स्टोरी ऑफ यूथ’ या चित्रपटासाठी. त्यातलं जोडपं गाडीवाल्या प्रौढ पुरुषांना गळाला लावतं, मग धमकावून पैसे उकळतं. दोघांचीही कंपनी एकच, शोचिकु. पण ओझूंच्या घरातली शांतता ओशिमाच्या पिढीला मानवत नव्हती आणि ती पिढी तसं मोठ्यानं म्हणतही होती. तरीही ओझू अध्यक्ष असलेल्या संघानं पहिलं पान या अठ्ठावीस वर्षांच्या बंडखोराच्या नावानं उघडलं. याला मी मोठेपणा म्हणतो.

आता हिशेबाची गोष्ट. ‘क्रूएल स्टोरी’ हा ओशिमाचा दुसरा चित्रपट. पहिला आदल्या वर्षी येऊन गेला होता. आपल्याकडे राष्ट्रीय पुरस्कारांत जो नवदिग्दर्शकाचा पुरस्कार आहे, तो पदार्पणाच्या चित्रपटालाच मिळतो. नागराज मंजुळेंना तो ‘फँड्री’साठी मिळाला, सुधाकर रेड्डी यक्कंटींना ‘नाळ’साठी. हा नियम टोकियोत असता तर ओशिमाही बाद आणि हाराही बाद. किरिओ उरायामा तेवढे बसले असते. त्यांनी १९६२ साली कावागुची गावातल्या ओतकामाच्या भट्ट्यांभोवती वाढणाऱ्या एका मुलीची गोष्ट सांगितली आणि संघाचा पुरस्कार मिळवला. तो त्यांचा पहिलाच चित्रपट होता.

मग ‘नवा’ ठरवायचा कसा? त्यासाठी तिथली जुनी पद्धत माहीत हवी. १९५८ साली जपानात सिनेमाची ११२ कोटी ७० लाख तिकिटं खपली. माणशी बाराच्या आसपास. त्या भरभराटीत दिग्दर्शक व्हायचं तर मोठ्या कंपनीच्या परीक्षेला बसायचं, सहायक म्हणून नोकरीला लागायचं आणि उमेदवारी करत वर्षानुवर्षं थांबायचं. ओशिमा १९५४ साली शोचिकुत शिरले आणि पाच वर्षांत दिग्दर्शक झाले, ते घराघरांत टीव्ही येऊ लागल्यावर कंपनीला तरुण रक्ताची घाई झाली म्हणून. त्या काळात नवा कोण, हे वेगळं शोधावं लागत नव्हतं. कंपनीनं ज्याला खुर्ची दिली तो नवा.

पुढे हा जिनाच कोसळला. १९७१ साली दाइएइ कंपनीचं दिवाळं निघालं, निक्कात्सु कामुक चित्रपटांकडे वळली, आणि १९७२पर्यंत वर्षाची तिकिटं वीस कोटींच्याही खाली आली. हारांची पिढी नेमकी तेव्हा उभी राहिली. हारा कोणत्याही कंपनीची पायरी चढले नाहीत. पत्नी साचिको कोबायाशी निर्मात्या, हे दिग्दर्शक आणि कॅमेराही यांच्याच खांद्यावर. तुम्ही पाहिलेला तो सैनिक, केंझो ओकुझाकी, न्यू गिनीच्या जंगलातून जिवंत परतलेला. १९६९ साली त्यानं गलोलीनं सम्राटाच्या दिशेनं पाचिन्कोच्या गोळ्या मारल्या होत्या. युद्ध संपल्यानंतर आपल्याच सैनिकांना गोळ्या घालण्याचा हुकूम कोणी दिला, हे शोधत तो दारोदार फिरतो आणि हारांचा कॅमेरा त्याच्या मागे. अशा चित्रपटाला पैसा पुरवायला कोण धावणार? दोन चित्रपटांमध्ये तेरा वर्षं गेली ती आळसात नव्हे.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं : हारा काही त्या वर्षी नव्यानं आले नव्हते, त्यांच्या व्यवसायबंधूंनी त्या वर्षी दार उघडलं. आणि १९८७ साली त्या संघाचा अध्यक्ष कोण होता, सांगा पाहू? नागिसा ओशिमा. १९८० ते १९९६ तेच अध्यक्ष होते.

हा एकच दरवाजा आहे असं मात्र समजू नका. ‘पिआ’ नावाचं, गावात कुठे काय चाललंय ते सांगणारं एक मासिक विद्यार्थ्यांनी १९७२ साली काढलं. त्यांनी १९७७पासून घरगुती पैशांत, बहुधा आठ मिलिमीटरच्या फिल्मवर केलेल्या चित्रपटांचा महोत्सव सुरू केला. शिन्या त्सुकामोतोला तिथे १९८८ साली सर्वोच्च पुरस्कार मिळाला. २०१४ साली तोच चिए हायाकावा यांना मिळाला, तेव्हा त्यांचीही चाळिशी जवळ आली होती. पहिला पूर्ण लांबीचा ‘प्लॅन ७५’ यायला त्यानंतर आठ वर्षं लागली. हा महोत्सव १९८४पासून निवडक विजेत्यांना पुढचा चित्रपट करायला पैसाही देतो. शालीपेक्षा हे बरं, असं माझं प्रांजळ मत.

याच पिआवाल्यांनी पुढे ओशिमांच्या नावानं, जगाच्या दिशेनं निघालेल्या नव्या दिग्दर्शकांसाठी वार्षिक पुरस्कार ठेवला. परीक्षकांचे प्रमुख होते संगीतकार र्‍यूइची साकामोतो, ओशिमांच्या ‘मेरी ख्रिसमस, मिस्टर लॉरेन्स’मध्ये काम केलेले. २०२०चा पहिला मान काओरी ओदा यांना मिळाला. त्यांनी बोस्नियातल्या कोळशाच्या खाणीत आणि मेक्सिकोतल्या पाण्यानं भरलेल्या विवरांत उतरून चित्रपट केले आहेत. दुसऱ्या वर्षी परीक्षक पुन्हा बसले, आणि यंदा कोणीही नाही, असं जाहीर करून उठले.