ग्रंथाचा पहारा

सज्जनहो, ग्रंथ लिहिणे हे एका जन्माचे काम. तो राखणे हे अनेक पिढ्यांचे. आपल्या जालना जिल्ह्यात ज्या घरी, ज्या मंदिरी जुन्या पोथ्या असतील, त्यांचे पुढे काय, याचा विचार या पाठात आम्ही करीत आहोत.

श्रीज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये सिद्ध झाली. नकलांवर नकला होता होता तीत अशुद्धे शिरली. शेजारच्या पैठणास श्रीनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये प्रती ताडून ती शुद्ध केली. मध्ये २९४ वर्षे गेली! प्रती ठिकठिकाणी होत्या म्हणून ताडता आल्या, आणि ताडणारा निघाला म्हणून ग्रंथ निर्मळ झाला.

दुसरा दाखला जांबेचा. घनसावंगी तालुक्यातील हे श्रीसमर्थांचे जन्मगाव. समर्थ संप्रदायाची बाडे मठामठांतून विखुरलेली होती. ती गोळा करण्यात धुळ्याचे वकील शंकर श्रीकृष्ण देव यांनी आयुष्य वेचले. १८९३ साली सत्कार्योत्तेजक सभा आणि १९३५ साली श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर उभे राहिले. देव १९५८ साली गेले, बाडे राहिली. कारण माणसामागे संस्था होती.

उलट, २०२२ साली जांबेच्या मंदिरातून पूजेच्या मूर्ती चोरीस गेल्या. पुढे तपास लागला, हे खरे. पण एकाच ठिकाणी असलेल्या ठेव्याला किती धोका, हे कळून आले. मूर्तीची जागा दुसरी मूर्ती घेत नाही. पोथीचा मजकूर मात्र दहा ठिकाणी राहू शकतो.

मग करावे काय? सप्ताहात वीणा खाली ठेवीत नाहीत. एकाचा पहारा संपण्याआधी दुसरा येऊन उभा असतो, त्याचे नाव यादीत आधीच असते. ग्रंथाचेही तसेच. "पुढं पोरं बघतील" म्हणून भागत नाही. पोथ्यांची यादी करा. आज कोण सांभाळतो, त्याच्यामागे कोण, हे मंडळाच्या वहीत लिहा. छायाचित्रे काढून एक प्रत दुसऱ्या गावी ठेवा. तीही काही वर्षांनी नव्या साधनावर उतरवा, आणि उतरवली की मुळाशी ताडा. पावसाळा सरला की बासने सोडून वारा द्या, वाळवी पाहा. सप्ताहाच्या वर्गणीतून थोडी रक्कम दरसाल याच कामी बाजूला काढा.

आपल्या हाती वीणा आहे ती आधीच्यांनी खाली ठेवली नाही म्हणून. आपल्यानंतर ती कोण घेणार, त्याचे नाव येत्या एकादशीस लिहून टाकावे.

रामकृष्णहरि.