हिरवेपणाचा दाखला

यॉर्कशायरमधील क्लॅपहॅम गावी पर्वतीय वनस्पतींची रोपवाटिका चालवून आणि १९१९ साली शिलोद्यानावरील आपला द्विखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध करून रेजिनाल्ड फॅरर यांनी इंग्रज गृहस्थांस जे वेड लावले, ते त्याच मुलखात नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या माझ्यासारख्या मराठी माणसालाही यथाकाल जडले. आणि त्या वेडापायी पदरी पडलेला एक अनुभव, सदाहरित सॅक्सिफ्रेज लावू इच्छिणाऱ्यांच्या दप्तरी रुजू करावा, एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

उंच पर्वतांच्या कड्यांतील फटींत वाढणाऱ्या या वनस्पतीस हिमाचे भय नसते, तिला मारते ते हिवाळ्यात मुळाशी साचलेले पाणी, असे जो तो सांगतो, आणि ते खरेही आहे. म्हणून बुर्सेरियाना जातीच्या माझ्या रोपास भरपूर खडी, उताराची जागा आणि माथ्यावर काचेचे तावदान असा सर्व बंदोबस्त होता. मार्चात ते फुललेही. एप्रिलमध्ये वाळकी फुले खुडण्यास हात लावताच तो अवघा हिरवा पुंजका हाती आला. खाली मुळाचा मागमूस नव्हता, आणि रोपवाटिकेतून सोबत आलेल्या पीटच्या गोळ्यात तपकिरी डोक्याच्या, वाकड्या, पांढुरक्या अळ्या सुखाने नांदत होत्या. शेजारी मात्र पावसालाच दोष देत राहिले!

या अळ्या वाइन वीव्हिल नामक काळ्या सोंडकिड्याच्या. कोकणात माड पोखरणारा सोंड्या त्याचाच भाऊबंद. वाइन वीव्हिलास उडता येत नाही, परंतु नराच्या साहाय्यावाचून एकटी मादी शेकडो अंडी घालते. शरद ऋतूपासून वसंतापर्यंत अळी मुळे खात राहते, आणि सॅक्सिफ्रेजच्या घट्ट पानांत ओलाव्याचा संचय असल्याने वरचा टवटवीतपणा, पेढी बुडाल्यावरही दारावर झळकणाऱ्या पाटीप्रमाणे, कित्येक दिवस टिकून राहतो.

तेव्हा नव्या रोपाच्या हिरवेपणाचा दाखला ग्राह्य न मानता त्यास कुंडीबाहेर काढावे, जुनी माती पाण्याने धुऊन मुळांची तपासणी करावी, आणि काही काळ इतरांपासून वेगळे ठेवून मगच खडकात जागा द्यावी. आसपासच्या ऱ्होडोडेंड्रॉनच्या वा प्रिम्युलाच्या पानांच्या कडांना अर्धवर्तुळाकार खाचा दिसल्या, तर रात्री कंदील घेऊन शोध घ्यावा, कारण त्या खाचा पाडणारी प्रौढ कीड निशाचर आहे. अळ्यांचा नाश करणारे सूक्ष्म सूत्रकृमी विकत मिळतात. ते पाण्यात कालवून ऑगस्ट ते ऑक्टोबर या मुदतीत, जमीन गार पडण्यापूर्वी, ओल्या मातीत घालावेत.

मूळ गेले तरी पुंजका फेकू नये. त्यातील एकेक पर्णगुच्छ सुटा करून सावलीतील भरड वाळूत खोचला, तर बहुतेकांना नवी मुळे फुटतात. पिरेनीज पर्वतातील लाँगिफोलिया जातीस मात्र ही सवलत नाही: चुन्याच्या शुभ्र कडांचा तिचा पर्णगुच्छ एकुलता एक असतो, कित्येक वर्षांनी एकदाच फुलून मरतो, आणि मागे ठेवतो केवळ बी, तेही बागेत शेजारच्या जातींशी सहज संकर पावणारे, म्हणून शुद्ध वंश हवा असल्यास ते रोप इतरांपासून दूर लावावे.