ओलिताच्या पाण्यावर दुरून देखरेख

पिकास पाणी केव्हा द्यावे व किती द्यावे, हे दोन प्रश्न बागायतदारापुढे नेहमीच असतात. मोटेच्या काळी दारे धरणारा माणूस शेतातच उभा असे. वाफा भरला की तो पाणी पुढे वळवी. विजेचा पंप आल्यावर ही देखरेख सुटली. शेतीची वीज पुष्कळ ठिकाणी पाळीपाळीने, कित्येकदा रात्री मिळते. अंधारात विहिरीवर जाण्याचा धोका टाळण्यासाठी स्टार्टरला ‘ऑटो’ लावून ठेवण्याची रीत पडली. त्यामुळे वीज येताच मोटार आपोआप सुरू होते, परंतु ती वेळेवर थांबविणारा कोणी नसतो.

जादा पाण्याचा हिशेब

ठिबकच्या नळ्या दीड मीटरवर व ड्रिपर 40 सेंटिमीटरवर असल्यास एकरी सुमारे 6,700 ड्रिपर बसतात. प्रत्येकातून ताशी 2 लिटर पाणी पडल्यास 3 तासांत सुमारे 40,000 लिटर पाणी जाते. पंप गरजेपेक्षा 3 तास अधिक चालला तर एवढे पाणी व्यर्थ जाते. शिवाय त्याबरोबर नत्र मुळांखाली झिरपते, वाफसा मोडतो आणि मुळांना हवा मिळत नाही.

उपकरणांचा उपयोग

मोबाईल स्टार्टरमध्ये सिमकार्ड असते. घरून फोन अथवा संदेश पाठवून मोटार चालू वा बंद करता येते. ठरलेली वेळ संपताच, फेज गेल्यास किंवा विहिरीचे पाणी तळाला गेल्यास मोटार थांबेल, अशी सोय असलेलाच संच निवडावा.

पाणी केव्हा द्यावे, हे मात्र जमिनीलाच विचारावे लागते. त्यासाठी टेन्शिओमीटर उपयोगी पडतो. पाण्याने भरलेल्या या बंद नळीच्या टोकाशी सच्छिद्र भांडे असते. ते मुळांच्या खोलीवर बसवितात. जमीन सुकत जाईल तसा काटा चढतो. काटा 10 सेंटिबारच्या खाली असल्यास जमीन पाण्याने भरलेली समजावी व पाणी देऊ नये. हलक्या जमिनीत पाळी लवकर, म्हणजे काटा कमी असतानाच द्यावी. भारी जमिनीत काही काळ थांबता येते. सुमारे 80 सेंटिबारच्या पुढे नळीत हवा शिरते व वाचन भरवशाचे राहत नाही. तेव्हा नळी पुन्हा पाण्याने भरावी.

घ्यावयाची दक्षता

मोटार चालू असल्याचा संदेश आला म्हणजे पिकास पाणी पोहोचले, असे नव्हे. नळी फुटलेली असेल, गाळणी तुंबलेली असेल. म्हणून पाणीमापक व दाबमापक बसवून त्यांची नोंद ठेवावी आणि शेतात नियमित फेरी मारावी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट जिवाची आहे. दुरून चालणारी मोटार कोणत्याही क्षणी सुरू होऊ शकते. विहिरीवर एक जण दुरुस्ती करीत असताना घरातून दुसरा फोन लावील. यास्तव मोटारीस हात लावण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करून फ्यूज काढावेत व ते स्वतःजवळ ठेवावेत. यंत्राने फेरा वाचतो. दक्षता मात्र धन्यालाच बाळगावी लागते.