डॅशहुंड आणि नवा सोफा

प्रश्न : आमच्याकडे चार महिन्यांचं डॅशहुंडचं पिल्लू आहे. वेताच्या खुर्चीचे पाय त्याने कुरतडून पार झाडू करून टाकलेत. नवा सोफा घ्यायचाय. कोणता टिकेल?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी खरेदी थोडी लांबवा. पिल्लांचे दुधाचे दात पडून पक्के दात यायला साधारण सहा-सात महिने होतात. तोवर हिरड्या शिवशिवतात. तोंडाशी येईल ते चावायचंच. चावायला रबरी खेळणी द्या. वेत मात्र कायमचा विसरा.

कापड घट्ट विणीचं, गुळगुळीत घ्या. कापडाच्या नमुन्यावरून नख ओढून पाहा. धागा वर आला तर ते नको. रेक्झिनला एकदा नख लागलं की पापुद्रे निघतात. गाद्यांची कव्हरं चेनवाली, मशीनमध्ये धुता येणारी हवीत आणि आत जलरोधक अस्तर. लघवी फोममध्ये मुरली की वास जाता जात नाही. डाग आधी टिपून घ्या, मग एन्झाइमयुक्त क्लीनर वापरा. फिनेल नको, कुत्री पंजे चाटतात, ते त्यांना बाधतं.

आता तुम्ही न विचारलेलं, पण सोफ्यापेक्षा महत्त्वाचं. डॅशहुंडची पाठ लांब, पाय आखूड. मणक्यातली चकती सरकण्याचा धोका या जातीत बराच असतो आणि उंचावरून उड्या मारणं त्यात भर घालतं. म्हणून बैठक बुटकी निवडा, शेजारी न घसरणारा उतार ठेवा. गुळगुळीत टाइल्सवर सतरंजी घालाल तर खाली रबरी जाळी हवीच. पिल्लू लंगडलं किंवा उचलताना कळवळलं, तर त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवा.